पोटात बसलेला बाण

“मी पाडला? मी पाडला म्हणालास तू त्याला?”

ट्रिना मचाणाच्या शिडीवरून अजून पुरती उतरलीही नव्हती. खाली तिचा नवरा ब्रेंट फोन खिशात घालत होता. आत्ताच त्यानं भावाला, डेलला, कळवलं होतं, “पाडला रे. तोच, वाकड्या शिंगाचा. मी पाडला. पिकअप घेऊन ये.”

“हळू बोल,” ब्रेंट म्हणाला. “जंगलात आहोत आपण.”

“आता आठवलं का जंगल? फोनवर बोंबलत होतास तेव्हा कुठं गेलं होतं?”

“अगं, बोलायची एक पद्धत असते. नवरा-बायको एकच की.”

“एकच ना? मग ट्रिनानं पाडला म्हण. जीभ झडते का तुझी?”

खरं सांगायचं तर ब्रेंटनं ते हरीण येताना पाहिलंसुद्धा नव्हतं. नर झुडपातून बाहेर आला तेव्हा स्वारी खोडाला डोकं टेकून मस्त घोरत होती. याच नरासाठी तो तीन वर्षं झुरत होता. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातले त्याचे फोटो फ्रिजवर लावलेले. लग्नाचा फोटो अजून खोक्यातच होता. थंडी पडायला लागली की नवरा जंगलात आणि बायको टीव्हीसमोर, हे ट्रिनानं लग्नानंतर एक वर्ष सोसलं आणि यंदा वसंतातच धनुष्य हातात घेतलं. शाळा तिनं मध्येच सोडलेली. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पण आज त्या मचाणावर ती पहाटेपासून दगडासारखी बसली होती. नराची कूस समोर आली, तिनं दोरी गालापर्यंत ओढली, सोडली. बाण लागला तसा नर झुडपात पळाला. आयुष्यात एक गोष्ट तिनं एकटीनं केली होती, आणि शिडी उतरायच्या आत ती दुसऱ्याच्या नावावर चढली.

ब्रेंट पाचोळ्यावरचं रक्त बघून आला. “बाण फुप्फुसात बसलाय. इथंच कुठंतरी पडला असेल.”

ट्रिना पुढं गेली. बाण आरपार जाऊन मातीत रुतला होता. तिनं तो उपटला आणि तिचा राग जागच्या जागी थिजला. बाणावर हिरवट चिकट लगदा होता. आंबलेल्या गवताची घाण येत होती.

“ब्रेंट, पोटात गेलाय.”

“नाही गं.”

“वास घे ना. घे.”

त्यानं घेतला नाही.

पोटात बाण बसला तर काय करायचं, हे त्यानंच तिला उन्हाळाभर पढवलं होतं, गॅरेजमागं रबरी हरणावर नेम धरायला लावून. मागावर जायचं नाही. गुपचूप घरी जायचं, कॉफी प्यायची, दुपार टळली की परत यायचं. पोट फुटलेलं हरीण जवळच कुठंतरी बसतं आणि बसल्या जागी मरतं. उठवलं की लांब पळतं, कुठंतरी हाल हाल होऊन मरतं आणि कुणालाच सापडत नाही.

“चल घरी,” ट्रिना म्हणाली.

“डेल निघालाय. त्याला काय दाखवू, बाण?”

“अरे, तूच शिकवलंस मला.”

“ऊन चढलं की मांस नासतं. आणि मला शिकवू नकोस. परवापर्यंत बाण उलटा लावत होतीस.”

“उलटा लावत होते, पण जागी होते.”

तो चालायलाच लागला. ती मागून हाका मारत राहिली, मग हाका सोडून नुसतीच मागं गेली. ओलसर खोलगट जागेत झुडपांची दाटी होती. तिथं पोचतात न पोचतात तोच आतून तो नर उठला. पाठीत कुबड काढून, पोट दुखणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. त्यानं दोघांकडं पाहिलं. चार पावलं चालला आणि मग कुठून जोर आणला कोण जाणे, तारेचं कुंपण ओलांडून पलीकडं गेला. रक्त तारेपाशी संपलं. पलीकडची जमीन व्हर्ना लिंडक्विस्टची. दुसऱ्याच्या रानात मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं, जखमी जनावर आपलंच असलं तरी.

दोघं विचारायला गेली तेव्हा व्हर्ना गोठ्यापाशी होती. ब्रेंटनं टोपी काढली. बोलायला ट्रिनाला वेळच दिला नाही.

“व्हर्नाबाई, बायकोची पहिलीच वेळ. हरणाला पोटात मारलं हो तिनं. ते तुमच्या रानात शिरलंय.”

आता हरीण ट्रिनाचं झालं होतं.

“आणि इतक्या लवकर उठवलं कुणी त्याला?” व्हर्नानं विचारलं.

“मी थांब म्हणत होतो. ऐकेल तर शपथ. बसवत नाही हो तिला एका जागी.”

“खोटं बोलतोय,” ट्रिना म्हणाली. “मी बाण मारला तेव्हा हा झोपला होता. उठला तो भावाला फोन करायलाच. मागावरही हाच गेला.”

व्हर्ना हसली नाही. हात पुसत म्हणाली, “तुमचं भांडण घरी नेऊन करा. आत्ता माझ्या रानात कुणी जायचं नाही. पोरी, तू दुपारी ये. याला आणू नकोस.”

“सापडेल?”

“ओढ्यात उतरला असला तर नाही. पाण्यात माग राहत नाही.”

रस्त्यावर हॉर्न वाजला. डेलची पिकअप. मागच्या हौद्यात ताडपत्री अंथरून तयार होती. ट्रिनानं ब्रेंटची बाही धरली.

“जा, सांग त्याला. बाण कुणाचा होता ते सांग. उठवलं कुणी तेही सांग. पोटात मारला हे पण माझ्या नावावर घाल, मी नाही म्हणत नाही. पण सगळं सांग.”

ब्रेंट रस्त्याकडं बघत होता.

“सांगशील ना?”

त्यानं बाही सोडवून घेतली, टोपी डोक्यावर चढवली.

“मला आता निघायला हवं,” तो म्हणाला. “डेल थांबलाय.”