तीन नंबरची खिडकी

कस्तुराबाईंनी नंदाबाईंच्या कपाळात पितळी तांब्या घातला तो मे महिन्यातला दिवस होता, भर दुपारचा. साल एकाहत्तर.

लोणावळ्यात वळवणच्या बाजूला मुंबईच्या एका ट्रस्टनं बांधलेला वृद्धाश्रम होता. लोणावळा थंड हवेचं गाव खरं, पण आश्रमावर सिमेंटचे पत्रे होते आणि उन्हाळ्यात त्यांच्याखाली माणूस शिजून निघायचा. त्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ उष्म्यानं गेले. मग ट्रस्टच्या शेठजींनी मनावर घेतलं. खोल्या गार करायच्या. वाळ्याचे पडदे आणि पंखा, नाहीतर खिडकीत बसवायचा एअरकंडिशनर. ज्या त्या खोलीनं आपलं ठरवायचं. मात्र मशीन घेतलं तर खिडकी कायमची बंद. मशीनभोवतीची जागा विटांनी बुजवायची. आणि खोलीला खिडकी एकच.

नंदाबाई तळेगावच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. बोलायला स्पष्ट, हाताला जड. आता त्यांचं हृदय दमलं होतं, उकाड्यात पाय सुजायचे, रात्ररात्र त्या उशाला पाणी घेऊन बसायच्या. त्यांनी मशीन मागितलं.

त्यांच्याच तीन नंबरच्या खोलीत राहणाऱ्या कस्तुराबाई कार्ल्याच्या. जमीनजुमल्याच्या घरातल्या, मुलानं इथे आणून ठेवलेल्या, पण कधी घराविषयी बोलल्या नाहीत. त्यांची खाट खिडकीला लावलेली. थंडीतसुद्धा त्या खिडकी लावू देत नसत.

"मला न्हाई पायजे ते यंत्र," एवढंच त्या म्हणाल्या.

"का पण?"

"न्हाई म्हनलं ना."

नंदाबाईंना हा हट्ट वाटला. मॅनेजर हनुमंतराव विचारायला आले तेव्हा कस्तुराबाई देवळात गेल्या होत्या. नंदाबाईंनी दोघींच्या वतीनं हो सांगून टाकलं.

कस्तुराबाई त्या दुपारी आंघोळ करून खोलीत आल्या, तेव्हा कोंडाजी गवंड्यानं खिडकीची चौकट काढली होती. विटांचे थर अर्ध्यावर आले होते. खोलीत अंधारून आलं होतं. मशीन बाजूच्या टेबलावर ठेवलेलं.

"कुनी सांगितलं ह्ये?"

"मी सांगितलं," नंदाबाई म्हणाल्या. "अहो, दोन दिवस बघा तर. झोप लागेल तुम्हाला."

कस्तुराबाईंनी हातातला तांब्या उचलला आणि पुरी ताकद लावून मारला. नंदाबाई खाटेवर कोसळल्या. कपाळावरचं रक्त डोळ्यात ओघळलं, पदर भिजला. कस्तुराबाईंनी वळूनही पाहिलं नाही. त्या ओल्या विटा हातांनी उपसायला लागल्या. टेबल ढकललं तसं मशीन फरशीवर आदळलं. कोंडाजीनं मागून कवळ घातली, तर त्याच्या मनगटाला त्या अशा चावल्या की तो ओरडत बाहेर पळाला.

हनुमंतराव धावत आले. त्यांनी आधी फुटलेलं मशीन पाहिलं. मग कस्तुराबाईंच्या मुस्काटात दोनदा भडकावली, केसांना धरलं आणि ओसरीवरून फरफटत नेऊन कोठीत लोटलं. कोठीत गव्हाची पोती असायची, उजेडाला फटसुद्धा नव्हती. बाहेरून कुलूप पडलं.

"हिचा मुलगा येईपर्यंत कुणी दार उघडायचं नाही!"

खोल्याखोल्यांतून म्हातारी माणसं बाहेर आली होती. ती आपापल्या दाराशीच थांबली.

हिरी ही आश्रमातली कामवाली, डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. ती नंदाबाईंच्या कपाळाला फडकं बांधत होती, तेवढ्यात कोठीतून आवाज यायला लागला. आधी दारावर धक्के. मग किंकाळ्या.

"न्हाई जायची! धनी, पुन्यांदा न्हाई जायची माहेरी!"

"कुणाशी बोलतायत या?" नंदाबाईंनी विचारलं.

हिरीचे हात थांबले. "दादल्याशी. त्यो मेला कवाच. बाई, तुमाला ठावं न्हाई? कस्तुरामावशीचा भाऊ वारला तवा ती न इचारता माहेरी गेलती. परत आली तर दादल्यानं आसुडानं फोडली अन् बळदात कोंडली. धान्याच्या अंधाऱ्या खोलीत. पोटुशी व्हती. लेकरू तितंच झालं अन् तितंच गेलं. म्येल्यावरबी दोन रोज दार उघडलं न्हाई त्यानं."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"न्हाऊ घालताना पाठ बघितली म्या. इचारलं."

नंदाबाई उठल्या. भोवळ आली, भिंतीला धरून उभ्या राहिल्या. खिडकीशी कोंडाजीची पहार पडली होती. ती त्यांनी उचलली.

कोठीपुढे हनुमंतराव उभे होते. "बाई, जाऊन पडा. तुमचंच डोकं फोडलंय तिनं."

"किल्ली द्या."

"वेडी आहे ती म्हातारी. कुणाचा तरी जीव घेईल."

"किल्ली द्या म्हणते ना!"

त्यांनी पहार हिसकायला हात पुढे केला. नंदाबाईंनी त्या हातावरच मारली. हाड मोडलेली माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. हाड मोडतानाचा आवाज मात्र पहिल्यांदाच ऐकला. हनुमंतराव हात पोटाशी धरून खाली बसले. ओसरीवर परत आलेल्या कोंडाजीनं पुढे होऊन नंदाबाईंच्या हातातली पहार घेतली आणि कुलूप तोडलं.

कस्तुराबाई दाराला चिकटून बसल्या होत्या. नखं उलटली होती, कपाळ आपटून आपटून सोललं होतं. समोर कोण आहे ते त्यांना कळेना. नंदाबाई वाकल्या तशी त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड ओरबाडलं. नंदाबाईंनी ओरबाडू दिलं. मग हिरीच्या मदतीनं त्यांना उचलून अंगणात, उजेडात आणून बसवलं.

फौजदार आले. नंदाबाई म्हणाल्या, "हात मी मोडला. आणि या बाईंना मारून कुलपात घातलं होतं, तेही लिहा. तेवढंच सोडू नका."

शेठजींना बोभाटा नको होता. खटला झाला नाही. हनुमंतरावांना ट्रस्टनं काढून टाकलं. कोंडाजीनं तीन नंबरची खिडकी पुन्हा बसवली.

शेठजींनी नंदाबाईंना विचारलं, "तुमचं काय?"

"मला गारवा हवा, शेठजी. खोटं कशाला बोलू? पण त्या खोलीत नको."

त्यांना कोपऱ्यातली खोली मिळाली, नव्या मशीनची. पहिल्या रात्री त्या सकाळपर्यंत झोपल्या. कस्तुराबाई मात्र त्यांच्याशी बोलेनात. जेवणाच्या पंगतीतही लांब बसायच्या.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका दुपारी त्या नंदाबाईंच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत मशीन घरघरत होतं, पडदे ओढलेले होते.

"कपाळ दुखतंय?"

"दुखतं."

"म्या जानून मारला तांब्या."

"माहीत आहे. मीसुद्धा तुम्हाला विचारलं नव्हतं."

"आत या" असं नंदाबाई म्हणणार होत्या. पण कस्तुराबाई उंबऱ्याबाहेरूनच आतल्या अंधाराकडे पाहत होत्या. नंदाबाई उठल्या, दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि उंबऱ्याबाहेर एक खुर्ची ठेवली. कस्तुराबाई बसल्या. गार हवा त्यांच्या पायांवरून ओसरीत जात राहिली.

नवा मॅनेजर तिथून चालला होता. "बाई, दार उघडं ठेवलं तर मशीनचा उपयोग काय?"

"आहे तेवढा पुरे," नंदाबाई म्हणाल्या, आणि हिरीला दोन कप चहा आणायला सांगितलं.