मोरीतली घळ

मी एक जुनी शहाबादी फरशी आहे. दहिसरच्या एका चाळीत, वरच्या मजल्यावरच्या मोरीत माझे आयुष्य गेले. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, ठाऊक नाही. पण उद्या गवंडी मला उखडणार आहे, म्हणून आजच सांगते.

माझी जात चुनखडीची. समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचला आणि त्याचा दगड झाला. चुनखडीच्या डोंगरात पावसाचे काम वेगळेच चालते. हवेतून, मातीतून येताना पाण्याला किंचित आंबटपणा येतो. ते भेगेत शिरते आणि दगड विरघळवत खाली उतरते. बाजूच्या भिंती उभ्याच राहतात, भेग मात्र खोल होत जाते. हजारो वर्षांनी तिथे अरुंद घळ दिसू लागते. कधी आत गुहा होते, तिचे छप्पर ढासळते आणि मागे घळच उरते.

माझी घळ पडायला थोडीच वर्षे लागली.

मालवणहून आलेल्या सहदेवने मला इथे बसवले. तो वारल्यावर त्याची बायको मालन मला फार जपू लागली. दर शनिवारी ती माझ्यावर अ‍ॅसिड ओतायची. फसफसून फेस यायचा.

"बघ गो शकू, कसो मळ सुटता तो," ती खालच्या मजल्यावरच्या शकूला कौतुकाने दाखवायची.

मित्रांनो, तो मळ नव्हता. ती मी होते.

मालनची नात जान्हवी कॉलेजात भूगोल शिकते. एकदा तिने तो फेस पाहिला आणि बाटलीच काढून घेतली. चुनखडी आंबटाने विरघळते, हे तिने आजीला समजावले. मालनने नळाखाली मला पडलेल्या भेगेत बोट घातले. ते पेरभर आत गेले.

मग पांढरे सिमेंट भरून झाले. ते टिकले नाही. तुमच्या मोरीचे पाणी माझ्या आमटीत पडते, आता मीठ तेवढे तुम्हीच घाला, असा शकूचा टोमणा आला. मालनच्या मुलाने, नितेशने, टाइल्स ठरवल्या. निदान हिला गॅलरीत कुंड्यांखाली तरी ठेव, म्हणून मालनने विनवले. त्याने मला ठोकून पाहिले.

"आई, उचलली की दोन तुकडे होणार."

"मीच मारलंय रे तिका," मालन म्हणाली.

आज तिने मला नुसत्या पाण्याने धुतले. तेही भेगेतूनच खाली गेले.

मित्रांनो, जे जपायचे ते कशाचे बनले आहे, एवढे आधी विचारा. मला बोलता आले नसते, हे खरे. पण सांगणारी नात घरातच होती. तिला वेळेवर कुणी विचारले नाही.