पार्सल ना, वहिनी?

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. बिडाचा, काळाकुट्ट, कडेला टवका उडालेला. तुम्ही म्हणाल, तव्याला कसला आलाय राग! मला आहे. सगळा जन्म जाळावर गेला माझा, गोड बोलायला मला जमत नाही.

वाळूच्या साच्यात ओतलेल्या लोखंडातून मी जन्मलो. मार्तंड परबाच्या आईने भांडुपला स्टेशनजवळ चार टेबलांचं हॉटेल काढलं, तेव्हा पहिला मी आलो. नवा होतो तेव्हा पीठ धरून बसायचो, सोडायचोच नाही. ती वैतागली नाही. अर्धा कांदा तेलात बुडवून रोज माझ्या अंगावर फिरवायची. हळूहळू मी गुळगुळीत झालो. मग तांदळाचं घावन माझ्यावरून असं सुटायचं की नुसत्या बोटांनी उचलावं. पांढरंशुभ्र, जाळीदार, सोबत काळ्या वाटाण्याचं सांबारं. कामावरून दमून आलेली माणसं पहिल्या घासाला डोळे मिटायची. "तवा झकास आहे हां!" म्हणायची. मी फुगायचो.

पण एक गोष्ट तेव्हापासून मला खुपते. घावन उतरलं की लगेच खायचं असतं. जरा थांबलं की त्याचं चामडं होतं. आणि जी बाई ते घालते तिच्या वाट्याला नेहमी चामडंच येतं. मार्तंडची आई माझ्यासमोर उभी राहून म्हातारी झाली आणि गेली. तिने कधी गरम घावन खाल्लेलं मी पाहिलं नाही. ती गेल्यावर या मार्तंडने दारावर बोर्ड लावला, 'आईच्या हातची चव'. लाज नाही वाटली.

पुढे तिच्याच हाताखालची सुंदराबाई माझ्यापाशी उभी राहू लागली.

मागच्या बिल्डिंगमधली रत्नप्रभा आमच्याकडे यायची. नवरा, सासू, मुलगा, सगळ्यांना करून घालता घालता केस पिकलेली. दुपारी एकटीच दारात उभी राहून रिकाम्या टेबलाकडे बघायची. तिने तोंड उघडायच्या आत मार्तंड गल्ल्यावरून विचारायचा, "पार्सल ना, वहिनी?"

बाप्या एकटा आला की, "बसा शेठ, पंख्याखाली बसा." बाई एकटी आली की पार्सल! जणू बाईला स्वतःची भूक म्हणून नसतेच.

ती बिचारी "हो" म्हणायची. डब्यात घावन घामेजायचं. माझा जीव जळायचा.

एक दिवस मात्र ती म्हणाली, "नाही. इथे बसून खाणार."

"एकट्याच? मागनं फॅमिली येतेय का?"

"भूक मला लागलीय, फॅमिलीला नाही."

सुंदराबाई खुदकन हसली. मार्तंडने बेसिनशेजारचं टेबल दाखवलं. घावन आलं, वाफाळतं. रत्नप्रभाने पहिला तुकडा मोडला, तोच तिचा मुलगा सौरभ दारात हजर. कुणीतरी शेजाऱ्याने त्याला फोन केला होता.

"आई! काय यार, घरी उपाशी ठेवतो का आम्ही तुला? लोक काय म्हणतील? चल, ऊठ. मार्तंडकाका, ते पॅक करा."

आणि मार्तंडने खरंच तिच्या पुढ्यातली थाळी उचलली! तिच्या हातात तुकडा तसाच. ती खुर्ची सारून उठायला लागली.

सुंदराबाईने उलथनं माझ्यावर आपटलं. ठण्ण!

"बस गो थंय! उठलंस तर बघ!" मग ती मार्तंडकडे वळली. "तुझी आवस हयंच उभी रवान म्हातारी झाली. तिका एक गरम घावन वाढलंस कधी? आणि भायर बोर्ड लावतस, आईच्या हातची चव!"

सुंदराबाईने पीठ ओतलं. मित्रांनो, तसं जाळीदार घावन मी जन्मात सोडलं नव्हतं. तिने स्वतः नेऊन वाढलं. रत्नप्रभा बसली. मुलाकडे न बघता, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं तिने. सौरभ पार्सलची पिशवी धरून उभा.

याचा सूड मार्तंडने घेतलाच. नवे नॉनस्टिक तवे आणले. "तुझा हात आता चालत नाही," म्हणून सुंदराबाईला काढलं. मला कुणीतरी साबण लावून तारेने खरवडलं, गंज चढला. आणि ठेवलं कुठे? पार्सलच्या रिकाम्या डब्यांवर, पंख्याने उडू नयेत म्हणून!

तिथे मला रत्नप्रभाने पाहिलं. "हा मी नेते," म्हणाली.

मार्तंड मान खाली घालून म्हणाला, "पिशवी देऊ?"

"नको. असाच नेते." भर रस्त्यातून, छातीशी धरून नेलं तिने मला.

घरी तिने मला तेल-कांदा चोळला, गॅसवर ठेवला आणि सौरभला हाक मारली, "ये. उभा राहा इथे." स्वतः जाऊन बसली. शेजारी मुद्दाम बोलावलेली सुंदराबाई.

त्याची पहिली घावनं मी सोडली नाहीत. गंजामुळे, असं तो म्हणाला. म्हणू दे.

"आई, फाटलं गं!"

"फाटू दे. गरम आहे ना? आण इकडे."

दोघी खात होत्या, हसत होत्या, पोरगा घामाघूम. शेवटी त्याच्या वाट्याला गार चामडं आलं. बराच वेळ चावत राहिला.

मित्रांनो, मला साबण लावू नका, तारेने खरवडू नका. थोडं तेल, अर्धा कांदा, बस्स. आणि तुमच्या घरच्या तव्यापाशी कोण उभं आहे ते एकदा वळून बघा. तिला आधी बसवा, पहिलं घावन तिला वाढा. तेवढंही होत नसेल, तर आईच्या हातच्या चवीचं कौतुक निदान माझ्यासमोर तरी करू नका.