लालासाहेबांच्या मोटारीची बॅटरी

“दाब रं परत!” पायरीवरून लालासाहेब ओरडले.

आकारामनं सेल्फ दाबला. मोटार एकदा कण्हली आणि गप्प झाली. हॉर्न दाबून पाहिला, तर त्याचाही घसा बसलेला. खाली उतरून अंगातलं बळ सरेपर्यंत हँडल मारलं, पण बॅटरीतच जीव नाही म्हटल्यावर ठिणगी पडणार कुठून? शेवटी लालासाहेबांनी घोडी मागवली. जाता जाता सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, “पलटणीत मोटारी हाकल्या म्हनं ह्यानं! म्हशी हाकल्या असत्याल.”

हे मात्र आकारामच्या फार जिव्हारी लागलं. माणूस तसा साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. इराकच्या वाळूत लष्करी लॉऱ्या चालवल्या, तिथंच मांडीचं हाड मोडून घेतलं आणि लंगडत गावी परत आला. लालासाहेबांनी ड्रायव्हर म्हणून ठेवलं, शेडमागची खोली राहायला दिली. त्या खोलीत त्याचा संसार होता, आणि शेडमधल्या त्या मोटारीत त्याची काय ती अब्रू. बॅटरी आठ दिवसांपूर्वीच बैलगाडीतून कराडला नेऊन भरून आणलेली. पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळे मोटार उभीच. मग उभ्या मोटारीची बॅटरी उतरते कशी?

तो हट्टालाच पेटला. बसायची फळी उचलून त्यानं बॅटरीचं पाणी बघितलं, ठीक होतं. काचेची नळी बुडवून आतला तरंगता काटा पाहिला, बॅटरी उतरली की तो बुडतो. तिन्ही खणांत काटा सारखाच तळाला. एखादा खण मेला असता तर एकच खाली गेला असता. म्हणजे बॅटरी चांगली. मोटारीतच कुठं वायर खरचटून वीज गळते का, हे बघायला बॅटरी पुन्हा भरून आणली, तिची एक वायर सोडली आणि परत हळूच टेकवली. गळती असती तर ठिणगी उडाली असती. कशाचं काय! बारीकशीसुद्धा उडाली नाही. म्हणजे मोटारही चांगली.

आणि मग त्याला बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर बारीक बारीक दातांचे वण दिसले. चिमटा लावल्यासारखे. त्याच्याकडे असला चिमटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून घर जरा कलंडलं, तसा तो मोटारीखाली जाऊन आडवा झाला. थोड्या वेळानं घराचं मागलं दार वाजलं. जोडवी घातलेली दोन पावलं मोटारीपाशी येऊन थांबली. वर फळी सरकली. खुंट्यांवर चिमटे बसले. पावलं वायर सोडत परत गेली, आणि भिंतीपलीकडच्या खोलीतून आधी खरखर आणि मग एका पुरुषाचा आवाज यायला लागला. हिंदुस्थानीत तो नुसती नावं वाचत होता. नाव, पलटण, गाव. नाव, पलटण, गाव.

आकाराम मोटारीखालून बाहेर आला, तेव्हा दारात अंजनाबाई उभ्या होत्या. लालासाहेबांच्या सूनबाई. त्यांचे मालक हंबीरराव सिंगापूरच्या लढाईवर गेलेले, आणि सिंगापूर पडल्यापासून दीड वर्षात त्यांचा पत्ता नव्हता. सरकारचं म्हणणं एवढंच, की बेपत्ता. त्या पुढच्या सोप्यातसुद्धा येत नसत. आज डोक्यावरचा पदर खाली आला होता, तेही त्यांना कळलं नव्हतं.

“वैनीसाब, ह्ये काय वो?” आकाराम म्हणाला. “दुश्मनाचं स्टेशन हाय ह्ये. फौजदाराला कळलं तर घरादाराला बेड्या पडत्याल.”

“ठावं हाय मला. जपानी लोक धरल्याल्या मानसांची नावं सांगत्यात. रेडिवची पेटी ह्यांनीच आनल्याली, तांबडा चिमटा कुठं, काळा कुठं, ह्यांनीच शिकिवलं. परवा वडगावच्या एका पोराचं नाव आलं, आकारामदादा. जित्ता हाय त्यो.” बोलता बोलता त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. “मामंजींनी जोतिबाला कौल लावला. पोरगं पान्यावाचून तळमळतंय, असा कौल आला. सर्वपित्रीला संगमावर न्हेऊन क्रिया करनार हाईत. दर्भाचा बाहुला जाळायचा आन् माझ्या हातातल्या बांगड्या…” त्यांनी बांगड्यांवर हात ठेवला. “तवर नाव आलं तर त्ये थांबत्याल. आमुशापतोर कुनाला सांगू नगा. येवढंच मागते.”

आकारामचा जीव कळवळला. अशा वेळी कुणाचाही कळवळला असता, त्यात मोठेपणा कसला? “न्हाई सांगत,” तो म्हणाला. “आईची आन.”

आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच चिमटे लावायला लागला. बॅटरी जास्त उतरू नये म्हणून नावं संपली की लगेच सोडवायचा. दुपारी भिंतीला कान लावून उभा राहायचा. शिरवळचं कोण, फलटणचं कोण, एकदा तर तासगावच्या दोघा भावांची नावं लागोपाठ आली. हंबीररावांचं काही येईना. तरी आत बांगड्या वाजल्या की त्याला बरं वाटायचं. वाटायचं, आपणही काहीतरी धरून ठेवलंय.

पण बॅटरी ती बॅटरी. अमावास्येला चार दिवस उरले आणि लालासाहेबांनी मोटार काढायला सांगितली. मोटार पुन्हा कण्हली आणि गप्प झाली.

या वेळी लालासाहेब ओरडले नाहीत. सोप्यावर बसले आणि आकारामला समोर उभा केला. शेजारी चार मानकरी पान खात बसलेले. “आकाराम, बॅटरी कुठं जाती रं तुजी?” त्यांनी शांतपणे विचारलं. “रानात लपल्याली पोरं रेडिव ऐकत्यात म्हनं. सरकारच्या इरुद्ध खलबतं करत्यात. त्यांस्नी बॅटरी लागतीच की. तू देतूयास?”

“न्हाई, आबासाब! देवाशप्पत न्हाई!”

“मंग कोन पितंय तिला? मोटार तुज्या ताब्यात, शेड तुज्या ताब्यात. फौजदार उद्या जेवायला हाय माज्याकडं. मी इचारन्यापरीस त्यानं इचारलेलं बरं, न्हाई का?”

फौजदार कसं विचारतो, हे त्या मुलखात तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक होतं. आकारामच्या शेजारच्या गावातल्या मेव्हण्याला असंच एकदा विचारलं होतं. त्याला अजून मांडी घालून बसता येत नव्हतं. आकारामला आपली लंगडी मांडी आठवली. शेडमागच्या खोलीच्या दारात त्याची बायको शालूबाई तोंडाला पदर लावून उभी होती, ती दिसली. आणि बोलून टाकलं त्यानं.

“आबासाब, मोटारीत खोट न्हाई. बॅटरीतबी न्हाई. वाईर… वाईर घरातनं येती.”

एवढंच बोलला. पण त्या घरात तांबडा चिमटा आणि काळा चिमटा ओळखणारं दुसरं होतं कोण? लालासाहेब उठून आत गेले. रेडिओची पेटी हातात घेऊन ते बाहेर आले, मागच्या विहिरीवर गेले, आणि पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. परत येऊन ते सोप्यावर टेकले. “मला काय हौस हाय व्हय रं?” ते कुणाकडेही न बघता म्हणाले. “प्वार माजं न्हवं त्ये? रोज उठून वाट बगायची… किती दिस बगायची?” मानकऱ्यांनी माना खाली घातल्या. मग लालासाहेबांनी डोळे पुसले आणि आकारामला सांगितलं, “कराडला जाऊन भरून आन बॅटरी. आमुशाला मोटार पायजे.”

आणि आकारामनं भरून आणली. खुंट्या घासून लख्ख केल्या. अमावास्येला सकाळी मोटार दारात लावायची, तेव्हा त्याचा हात एका वायरीपाशी गेला होता. एवढी एक वायर ढिली केली असती तर मोटार जागची हलली नसती. त्यानं हात मागं घेतला. मोटार नाही निघाली तर छकडा जुंपतील, त्यानं काय होणार आहे, असं त्यानं मनाला सांगितलं. भ्यालेल्या माणसाला असली कारणं लगेच सुचतात.

लालासाहेब पुढं बसले. अंजनाबाई मागं, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, कोपरापर्यंत चुडा. आकारामनं सेल्फ दाबला. मोटार पहिल्याच दाबाला सुरू झाली.

“चांगली झाली न्हवं बॅटरी, आकारामदादा?” मागून अंजनाबाई म्हणाल्या. आवाजात ना राग, ना रडू. त्यानं गिअर टाकला.

संगमावर काय झालं, ते आकारामनं पाहिलं नाही. तो मोटारीपाशी चाकाला टेकून बसून राहिला. भटजींचा आवाज येत होता, मग धूर दिसला. मग बायकांचा हंबरडा उठला आणि त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली.

सगळं उरकल्यावर लालासाहेब घाटाच्या पायऱ्या चढून वर आले. मेलेल्या माणसाचे कपडे द्यायचे असतात. धोतर, सदरा भटजींना दिला होता. हातात हंबीररावांचा गरम कोट होता, पुण्याहून शिवून आणलेला. त्यांनी तो आकारामपुढं धरला.

“घे. खरं बोललास म्हनून मी ह्या वाट बगायच्या घोरातनं सुटलो.”

“नगं, आबासाब. मला नगं.”

“घाल म्हंतो न्हवं? क्रियेचं दान हाय, हातात धरून न्यायचं नसतं. अंगात घाल.”

आकारामनं कोट अंगात घातला. अगदी बेतलेला बसला. खांद्यालासुद्धा कुठं ओढला नाही.

बायका आल्या. अंजनाबाईंना धरून आणून मागं बसवलं. मोटार सुरू झाली आणि गावाकडं, उंब्रजच्या रस्त्याला लागली. आकाराम मान ताठ ठेवून गाडी हाकत होता. मागून काहीच आवाज येत नव्हता, बांगड्यांचाही नाही. गाव येईपर्यंत त्यांच्या समोर आकारामची पाठ होती, आणि पाठीवर तो कोट.