प्लास्टिकची जुडी

आठवडाभर मामा त्या टूरवाल्यांच्या ऑफिसात खेटे घालत होता. ओढा नदीला मिळतो तिथल्या खुंट्याला त्याने हिरव्या गवताची जुडी बांधली होती. आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा तिचा अर्थ सांगेल : आत मासे अंडी घालताहेत, कुणी जायचं नाही. पिल्लं बाहेर पडली की जुडी सोडायची. तरी टूरच्या बोटी खुशाल आत घुसत होत्या. मामाला रोज एकच उत्तर, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

शेवटी आईने मला फर्मान सोडलं, "दोन तिकिटं काढ. बघू तरी काय दिवे लावतात ते."

आमच्याच नदीवर जायला तिकीट! माझं डोकं तिकीटखिडकीपाशीच फिरलं.

बोट चालवणारा आणि माहिती सांगणारा गाईड एकच होता. कानाला माईक लावून तो सुरू झाला. इथले मूळ रहिवासी नदीला आई मानत असत. ते फार साधे होते. फार गुणी होते. होते, होते, होते! आणि आई पहिल्या बाकावर धडधडीत बसलेली. सकाळीच तिने मला चहा पातळ केला म्हणून झापलं होतं.

ओढ्याचं तोंड आलं आणि मी बघतच राहिले. तिथे खुंट्यांची रांगच होती आणि प्रत्येक खुंट्यावर जुडी. सगळ्या हिरव्यागार, सगळ्या एका मापाच्या. बोट जवळून जाताना आईने हात लांबवून एक ओढून घेतली. प्लास्टिक!

"फोटोला छान दिसतात, काकू," गाईड म्हणाला. "आम्ही बारा महिने ठेवतो. पूर्वीचे लोक शोभेसाठी बांधायचे ना."

मामाची खरी जुडी त्या रांगेत बिचारी सुकत चालली होती. बारा महिने 'थांबा' म्हणणाऱ्या खुणेला कोण कशाला थांबेल? या शहाण्यांनी आमची खूण सजावटीला लावून तिचा जीवच घेतला होता.

आई उभी राहिली. "बोट मागे घे. आत अंडी आहेत. ही शोभा नाही, मनाई आहे. आणि पूर्वीचे लोक कोण रे? मी काय भूत आहे?"

बोटीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय खरं वाटतं हो हे नाटक!" मागची बाई फोन सरसावत म्हणाली. गाईड पक्का बेरकी. त्याने हसून मान लववली आणि बोट सरळ आत घातली.

संतापाने मला रडू फुटलं. इंजिनामागे तळाचा गाळ उसळला आणि त्यात अंड्यांचे पिवळसर पुंजके गरगरत वर आले. "दिसत नाही का तुम्हाला?" मी ओरडले. त्यालाही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

 आई मात्र गाईडपाशी गेली, त्याच्या पुढ्यातली किल्ली फिरवून काढली आणि मुठीत धरून जागेवर येऊन बसली. इंजिन बंद पडलं. टाळ्याही.

"काकू, किल्ली द्या." गाईडचा चेहरा उतरला होता.

"ओढ्याबाहेर पडलो की देते. बाकाखाली वल्ही आहेत, ती घे."

"मला वल्हवता येत नाही हो."

"मग शीक," आई म्हणाली. "शिकवणारे अजून आहेत."