एक मिनिट घर

टकळीला परदेशी जायचं होतं. हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाळण्यात असल्यापासून तिचं तोंड म्हणून बंद नसायचं, तेव्हा बाबांनी ते चिकटवलं, आणि पोरगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आली तरी सुटलं नाही. शिकत होती माध्यमं. सुट्टीभर तिला एकच उद्योग होता: कुठल्या देशातलं वर्तमानपत्र, कुठली वाहिनी, कुठलं रेडिओ केंद्र बाहेरच्या मुलांना इंटर्न म्हणून घेतं ते हुडकायचं.

बहुतेक ठिकाणी दुरून डोंगर साजरे. कुठे राबायचं फुकट आणि राहायचं पदरमोड करून. कुठे जागा एक आणि रांगेत अख्खं जग.

मग ते रेडिओ केंद्र सापडलं. समुद्रापलीकडचं. राहायची सोय त्यांची, शिकवणारही तेच. अटी दोन.

घरातल्या कुणाही माणसावर एक छोटा कार्यक्रम करून पाठवा, तुमच्या भाषेत.

ज्या खोलीत ते माणूस बोललं, त्या खोलीची एक मिनिट शांतता पाठवा.

"शांतता?" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, निवृत्त नर्स, जिभेला धार. "ती कशी पाठवतात गं? रिकाम्या डब्यातून?"

टकळीनेही ती अट हसण्यावारी नेली. इथेच चुकलं.

*

आईविषयी.

आई बसस्थानकावर घोषणा करते. दिवसभर काचेच्या खोलीत बसून अनोळखी लोकांना सांगते, कुणाची गाडी कुठे लागलीय, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय. त्यामुळे घरी तिचे शब्द मोजके. टकळीने तिला स्वयंपाकघरात बसवलं, पुढे माईक ठेवला आणि गोडीगुलाबीने बोलतं केलं.

"एका म्हाताऱ्याला बायको सापडेना," आई म्हणाली. "मी नाव पुकारलं. ती त्याच्या मागच्याच बाकावर बसलेली, पाठ करून. रुसलेली. सगळ्या स्थानकाने तिचं नाव ऐकलं, तेव्हा कुठे वळली."

मग आई थांबली. मग आणखी एक आठवण. पुन्हा थांबली.

थांबण्याच्या जागी आत्याचे टोमणे होते, भांडं पडलं होतं. टकळीने ते सगळं कापून टाकलं. भोकं पडली. ती बुजवायला कॉलेजच्या स्टुडिओतली शांतता आणली. भिंतींना स्पंज लावलेली ती खोली. तिथल्याइतकी शुद्ध शांतता गावात दुसरीकडे नाही. शांतता ती शांतता, घरची काय नि कॉलेजची काय!

*

अर्ज दुपारी बंद होणार होते. सकाळी तिने घरच्यांना स्वयंपाकघरात कार्यक्रम ऐकवला.

बाबांचं चष्म्यांचं दुकान. समोरच्याला काय दिसत नाही हे विचारायची त्यांना सवय. ते म्हणाले, "टकळे, ही मधेमधे जाते कुठे?"

"कोण?"

"तुझी आई. बोलता बोलता विहिरीत पडते. मग वर येऊन पुन्हा बोलते."

"मला तर धस्स झालं," आत्या म्हणाली. "मशीन बंद केल्यावर वॉर्डात व्हायचं, तसलं काहीतरी."

आई कामावर जायची पिशवी भरत होती.

टकळीने हेडफोन चढवले. आई बोलत होती तिथे घर होतं. आई थांबली की घरच जात होतं. भिंती, ओटा, खिडकी, सगळं. तिने आपल्या हाताने आईला पुन्हा पुन्हा घराबाहेर काढलं होतं. दुसरी अट थट्टा नव्हती. तो तुकडे जोडायचा सांधा होता.

"सगळे मुकाट बसा. एक मिनिट."

"कोण सांगतंय बघा!" बाबा म्हणाले.

*

पहिल्यांदा. "सुरू झालं का गं?" आत्या.

पुन्हा. आईला हसू फुटलं. आईचं बघून बाबांना.

पुन्हा.

फ्रिजची घरघर

घरघरीच्या खाली, वरच्या मजल्यावरचं पाणी, पाइपातून उतरत

बाबांच्या नाकातली बारीक शीळ

फ्रिज थांबला

आणि तळ समजत होती तो तळ नव्हताच. खाली आणखी एक शांतता होती, मोठी. तिच्यात भिंती किती लांब आहेत ते ऐकू येत होतं. लाकडी फळी उन्हाने ताणल्याची बारीक कुरकुर. जन्मापासून ती या खोलीत होती आणि खोली अखंड बोलत होती. हिने तिला कधी बोलू दिलं होतं?

मग श्वास. आईचा. घोषणेआधी घेते तसा, छातीभर.

टकळीने डोळे मिटले. आता येईल.

आलं नाही. तो श्वास हळूहळू खोलीत सोडला गेला, अख्खा, एकही शब्द न होता.

थांबवायचं बटण टकळीला आठवलंच नाही. कुणीही हललं नाही. मिनिट कधीच उलटून गेलं होतं.

"माझी बस जाईल," आई शेवटी कुजबुजली.

"सगळ्या गावाच्या बसा सांगते," आत्या म्हणाली, "आणि स्वतःची चुकवते."

*

भोकांतून स्टुडिओ उपसून काढला. घर ओतलं. आई आता थांबायची तेव्हा घरातच थांबायची. टकळीने अर्ज पाठवला तेव्हा दुपार अगदी तोंडावर आली होती.

*

काही दिवसांनी पडद्यावर एक संपादक बाई, समुद्रापलीकडून.

"त्या शांततेत तू एकटी नव्हतीस."

"चौघं होतो."

"त्यांतलं कुणीतरी बोलणार होतं."

टकळीला क्षणभर कळेना, हे इतक्या दूर पोचलं कसं! "आई," ती म्हणाली.

"काय बोलणार होती?"

"मी विचारलं नाही."

बाई म्हणाल्या, "थांब हं, एकाशी बोलून येते," आणि उठून गेल्या. पडद्यावर रिकामी खुर्ची. एरवी टकळी स्वतःशीच बडबडली असती. पण हेडफोनमधून कानात काहीतरी येत होतं.

जाड, लोकरीसारखं काही. त्यात दूर कुठेतरी लिफ्ट चढत होती. कुणाची तरी खुर्ची करकरली. छत उंच असावं. खिडकी डावीकडे, कारण तिकडून गार वाऱ्याचा सूर येत होता. कधी न पाहिलेली खोली तिच्या कानात हळूहळू उभी राहत होती, एकेक भिंत करून.

बाई परत आल्या, खुर्चीत बसल्या. "आम्हाला तू हवी आहेस. येशील ना?"

टकळीने ओठांवर बोट ठेवलं. एक क्षण, अजून थोडं ऐकू द्या.

बाई हसल्या, आणि गप्प बसून राहिल्या.