कानाजवळ वाकवलेली काडी

बाबांनी चांगली म्हणून बाजूला ठेवलेली काडी माझ्या हातात वाजली, तेव्हा मला आधी हसूच आलं. म्हटलं, चला, एकदा तरी सापडले!

आमच्याकडे बाणाची काडी कानाने तपासतात. दोन्ही टोकं धरून ती कानाजवळ न्यायची आणि हलकेच वाकवायची. गप्प राहिली तर चांगली. बारीकसा 'टिक' आला तर आत तडा आहे. मोडून शेगडीत टाकायची. तडा गेलेली काडी धनुष्यातून सुटताना फुटते आणि तिच्या ढलप्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. तपासायचं काम बाबांचं. मी पिसं चिकटवते, दादा काडी धनुष्याशी जुळवतो. "तुझ्या तोंडाला विश्रांती मिळाली, तर कानाला काही ऐकू येईल," असं बाबा मला म्हणतात. त्यामुळे तपासणी माझ्याकडे येण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरी काडी उचलली. गप्प. तिसरी वाजली. चौथीही वाजली आणि माझं हसू पार मावळलं.

एखादी चुकून सुटते. एकाच जुडीतल्या तीन सुटत नाहीत. परवा दादाच्या घड्याळाचा गजर बाबांच्या शेजारी बराच वेळ बारीक आवाजात वाजत होता आणि बाबा मान खाली घालून काडी तासत होते. आम्ही त्यांच्या एकाग्रतेचं कौतुक केलं होतं. आम्ही दोघंही शहाणे!

आणि दादा आत्ताच याच जुडीतल्या काड्या घेऊन मागच्या अंगणात गेला होता.

शिकारीच्या नव्या धनुष्याला कुठली काडी चालेल हे बघायला तो पिसांशिवायच नेम मारतो. गवताच्या गठ्ठ्यात ती कुठल्या बाजूला कलून रुतते, त्यावरून ताठ की मऊ ते कळतं. मी धावत दारापर्यंत गेले. त्याने दोरी गालापर्यंत ओढली होती.

ओरडायची सोय नव्हती. दोरी ताणलेल्या माणसामागे आवाज करायचा नाही, हे आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. दचकला की हात सुटतो. मी तोंडावर हात दाबला आणि भिंतीला चिकटून सरकत पुढे गेले. मी कधी नव्हे ती देवाला हाक मारत होते. त्याच्या नजरेच्या कोपऱ्यात आले आणि दोन्ही हात वर केले.

त्याने सावकाश दोरी सैल सोडली. मग तोफ सुटली.

"डोकं फिरलंय का तुझं? मेली असतीस की!"

मी काडी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि त्याच्या कानाजवळ वाकवली. टिक. त्याचा चेहरा उतरला. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

आवाजाने बाबा बाहेर आले. "काय चाललंय?"

"बाबा, ही बघा ना जरा," मी म्हणाले. एवढंच बोलायचं धैर्य झालं.

त्यांनी सवयीने काडी कानाशी नेली, वाकवली. टिक. दादाने ऐकलं, मी ऐकलं. बाबांनी काडी परत केली.

"ठणठणीत आहे. उगाच कशाला घाबरवतेस त्याला?"

मला रडू फुटलं. आता सांगणं मला भाग होतं आणि तोंडातून शब्द फुटेना. मला, जिच्या बडबडीला घर कंटाळलंय!

"बाबा, ती वाजली," शेवटी दादाच म्हणाला.

बाबांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा शोधत होते बहुतेक, सापडली नाही. काडी पुन्हा कानाशी नेली. वाकवली. आणखी वाकवली. मी "बाबा, पुरे" म्हणेपर्यंत ती कडाडून मोडली.

"हे आलं ऐकू," ते हळूच म्हणाले.

दोन्ही तुकडे हातात धरून ते उभे राहिले. मी त्यांना धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"याआधीच्या जुड्या कुणाकुणाला दिल्यात?"

मी नावं आठवून सांगू लागले. दादा सायकल काढायला पळाला होता.